कंट्रोलर गेला, आता जायचं कुठं?

१० सप्टेंबर २०२४ रोजी कलबुर्गी शहरातल्या ओला इलेक्ट्रिकच्या शोरूमला एका तरुणानं आग लावली. ऑगस्टच्या शेवटी त्यानं नवी स्कूटर घेतली होती. एक-दोन दिवसांतच गाडी कुरबुर करू लागली, शोरूमच्या खेपा घालून काही निष्पन्न होईना, तेव्हा त्यानं पेट्रोल आणून ओतलं आणि काडी लावली. सहा गाड्या जळाल्या, साडेआठ लाखांचं नुकसान झाल्याचं सांगण्यात आलं, पोलिसांनी त्याला अटक केली. गुन्हा तो गुन्हाच, त्याचं समर्थन कुणी करू नये. विजेच्या गाडीच्या रागापायी पेट्रोल वापरलं म्हणून बातमी वाचणारे बरेचजण हसले. मला मात्र त्यातला दुसराच तपशील टोचला: हा तरुण पेशानं मेकॅनिक होता.

पेट्रोलची गाडी असती तर त्यानं ती स्वतःच खोलली असती. प्लग काढला असता, कार्ब्युरेटर साफ केला असता, नाहीच जमलं तर शेजारच्या गॅरेजातल्या उस्तादाला बोलावलं असतं. विजेच्या गाडीपुढं हातात पान्हा असलेला माणूसही गिऱ्हाईकच ठरला. दुरुस्तीचा हा पेच जिथं सगळ्यात घट्ट बसतो तो भाग म्हणजे कंट्रोलर. म्हणून या लेखात मी बॅटरीची चर्चा जवळजवळ टाळली आहे. तिच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

कलबुर्गीहून आळंद चाळीसेक किलोमीटर (आळंदी नव्हे, लाडले मशायकांच्या दर्ग्याचं आळंद). निंबर्गा हे त्याच तालुक्यातलं होबळीचं (महसुली मंडळाचं) गाव. कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही बोली कानांवर पडणारा हा पट्टा. काळी जमीन, तुरीचं पीक, तालुक्याच्या एका अंगाला अक्कलकोट तर दुसऱ्या अंगाला उमरगा. मोठा बाजार करायचा तर सोलापूर, त्याहून मोठा म्हणजे हैदराबाद. अशा गावात विजेवरची दुचाकी अडली आणि कुणी सांगितलं की ‘कंट्रोलर गेला’, तर पुढचा रस्ता कोणता? उत्तर गाडी किती भारी आहे यावर अवलंबून आहे, आणि ते आपल्या अपेक्षेच्या अगदी उलटं आहे.

आधी हा डबा काय करतो ते पाहू. कंट्रोलर म्हणजे सीटखाली किंवा फूटबोर्डखाली स्क्रूनं आवळलेली ॲल्युमिनियमची पेटी. वर उष्णता बाहेर पडायला खाचा, एका टोकातून निघालेला तारांचा झुपका. बॅटरीतली वीज एकाच दिशेनं वाहणारी. मागच्या चाकातल्या हब मोटरला मात्र ती तीन फेजांत आळीपाळीनं हवी असते. ही आळीपाळी कंट्रोलर घडवतो. आत मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, लहान गाडीत सहा, मोठ्या गाडीत बारा किंवा अठरा, आणि ते सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात. चाक कुठल्या स्थितीत आहे हे मोटरमधले तीन हॉल सेन्सर कळवतात, किती जोर लावायचा हे एक्सलेटर, आणि आता थांबायचं हे ब्रेकमधला स्विच. गाडीतली जवळजवळ प्रत्येक तार या पेटीत येऊन मिळते. त्यामुळं काहीही बिघडलं तरी पहिला आळ हिच्यावर येतो.

आणि तो पुष्कळदा खोटा असतो. नेहमीची तक्रार अशी: चावी फिरवली की लाइट लागतात, हॉर्न वाजतो, डिस्प्लेवर चार्ज भरपूर दिसतो, पण एक्सलेटर पिळला की गाडी जागची हलत नाही. आता यात कंट्रोलर मेलेला असू शकतो, पण त्याआधी पाहण्यासारख्या चार स्वस्त गोष्टी आहेत. ब्रेकच्या लिव्हरमधला स्विच धुळीनं किंवा गंजानं दाबलेलाच राहिला असेल, तर कंट्रोलरला वाटतं ब्रेक लावलेला आहे आणि तो इमानेइतबारे मोटर तोडून ठेवतो. मागचा ब्रेक-लाइट सतत पेटलेला असला की समजावं. ब्रेकच्या स्विचचा जोड सुटा करून पाहायला दोन मिनिटं लागतात. दुसरा संशयित एक्सलेटर. त्याच्या तीन तारा: लाल तारेवर ५ व्होल्ट, काळी अर्थिंगची, आणि तिसरी सिग्नलची. मूठ सोडलेली असताना सिग्नलवर सुमारे ०.८ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर ४ च्या आसपास दिसले तर एक्सलेटर ठीक. लाल तारेवर ५ व्होल्टच येत नसतील तरी कंट्रोलरला लगेच बाद करू नये, कारण तोच ५ व्होल्टचा पुरवठा हॉल सेन्सरनाही जातो. तिकडं कुठं तार घासून शॉर्ट झाली असेल तर सगळंच बसतं. हॉलचा जोड काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तर चोर मोटरच्या बाजूला आहे.

राहिलेल्या दोन गोष्टी म्हणजे एमसीबी (बॅटरीची वीज तोडणारा स्विच) आणि तारांचे जोड. सीटखालचा एमसीबी पडलेला असणं ही इतकी साधी बाब आहे की ती शेवटी पाहिली जाते. आणि फेजच्या तीन जाड तारांचे जोड, पिवळा, हिरवा, निळा, हे उकाड्यात ढिले होऊन तापतात, प्लास्टिकची टोपी वितळते. एका फेजचा संबंध तुटला की मोटर घरघरते, थरथरते, पुढं जात नाही. असा जोड कापून नवी लग घट्ट दाबून बसवली की गाडी चालते, कंट्रोलरला हात न लावता.

खरोखर कंट्रोलर गेला आहे का, हे ओळखायची एक खूण मिस्त्री लोक सर्रास वापरतात. गाडी बंद करून मागचं चाक हातानं फिरवायचं. चाक जड लागलं, अडखळत, कुणी आतून धरून ठेवल्यासारखं फिरलं, तर आत काहीतरी शॉर्ट आहे. मग फेजच्या तीनही तारा कंट्रोलरपासून सोडवायच्या, एकमेकींना लागू न देता, आणि चाक पुन्हा फिरवायचं. आता हलकं फिरलं तर कंट्रोलरमधले मॉस्फेट शॉर्ट आहेत. तरीही जडच असेल तर दोष मोटरचा. ज्याच्याकडं मल्टिमीटर आहे त्यानं तो डायोडवर ठेवून फेजच्या प्रत्येक तारेपासून बॅटरीच्या लाल आणि काळ्या तारेपर्यंत मोजावं. एका दिशेनं ०.४ ते ०.६ चा आकडा आणि उलट दिशेनं काहीच नाही, असं तिन्ही फेजांवर सारखं दिसायला हवं. एखाद्या फेजवर मीटर शिट्टी वाजवू लागला तर निदान पक्कं. चारशे-पाचशे रुपयांच्या मीटरनं होणारी ही तपासणी आहे. ती न करता ‘कंट्रोलर बदलावा लागेल’ सांगणारा मिस्त्री अंदाज करतो आहे, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतंय.

आता बदलण्याकडं येऊ. निंबर्ग्यासारख्या गावात दिसणाऱ्या विजेच्या दुचाक्यांमध्ये एक मोठा वर्ग मंदगती गाड्यांचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २ (यू) प्रमाणं ज्या गाडीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. शाळेतली पोरं, शेतावर जाणारी म्हातारी माणसं, किराणा दुकानदार यांना ती परवडते. या गाड्यांचे कंट्रोलर बहुतेक एकाच चिनी घाटाचे असतात. नावं वेगळी, आत मालमसाला तोच. हैदराबादच्या कोटी भागातली गुजराती गल्ली, पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, किंवा घरपोच मागवणं, कुठूनही तो हजार ते अडीच-तीन हजारांत मिळतो.

घेताना मात्र चार गोष्टी जुन्या डब्यावरच्या चिठ्ठीशी ताडून पाहाव्यात, आणि त्यातली व्होल्टेज ही सगळ्यात मोठी. चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांची गाडी ४८ व्होल्टची, पाचची ६० आणि सहाची ७२. प्रत्येक बॅटरी साडेदहा व्होल्टपर्यंत उतरली की कंट्रोलर गाडी थांबवतो, म्हणजे ४८ च्या गाडीत ४२ वर, ६० च्या गाडीत साडेबावन्नवर, ७२ च्या गाडीत ६३ वर. ४८ च्या गाडीला ६० चा कंट्रोलर बसवला, तर पोटभर चार्ज असूनही त्याला बॅटरी रिकामी वाटते. उलट केलं तर जास्त वाईट. ४८ च्या कंट्रोलरमधले कॅपॅसिटर साधारण ६३ व्होल्ट सोसणारे असतात, आणि पूर्ण चार्ज झालेल्या पाच बॅटऱ्या ६५ च्या आसपास देतात. कॅपॅसिटर फुगतो, फुटतो, आणि नवा कंट्रोलर बसवल्याच्या दिवशीच कचऱ्यात जातो. लेड-ॲसिड काढून लिथियम टाकणाऱ्यांचंही असंच होतं. दुकानदार ६० व्होल्ट म्हणून जो पॅक देतो तो पूर्ण चार्ज झाल्यावर किती व्होल्ट दाखवतो, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट अँपिअर. जास्त अँपिअरचा कंट्रोलर बसवला की गाडी चढावर जोरात निघते, म्हणून लोकांना तो आवडतो. पण तो जादा करंट बॅटरीतून, जुन्या बारीक वायरिंगमधून आणि मोटरच्या गुंडाळीतूनच जातो. तिसरी, ब्रेकची तार: काही गाड्यांत ब्रेक दाबल्यावर कंट्रोलरला अर्थिंग मिळतं, काहींत १२ व्होल्ट. ही तार चुकली तर ब्रेक दाबूनही मोटर ढकलत राहते, आणि हा प्रकार बाजारात, गर्दीत कळतो. चौथी, पॅडल मारायच्या इलेक्ट्रिक सायकलींसाठी: तिथं डिस्प्ले आणि कंट्रोलर एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करतात, त्यामुळं एकाचा मेळ दुसऱ्याशी बसायलाच हवा. पुण्याच्या ईमोटोरॅडसारख्या कंपन्यांच्या ३६ व्होल्ट, २५० वॅटच्या सायकली आता लहान शहरांतही दिसतात. त्यांचा कंट्रोलर घेताना डिस्प्लेचं मॉडेल पाहणं चुकवू नये.

बसवायचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. एमसीबी पाडायचा, बॅटरीची काळी तार सोडायची, पाच मिनिटं थांबायचं, कारण कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते आणि पान्हा लागला तर ठिणगी हातावर येते. जुन्या जोडांचे मोबाइलवर चार फोटो काढायचे. मग एक-एक जोड जुन्यावरून काढून नव्याला, एका वेळी एकच. बॅटरीची तार सगळ्यात शेवटी. चाक स्टँडवर हवेत ठेवूनच पहिली चाचणी घ्यायची. बहुतेक नव्या कंट्रोलरना दोन पांढऱ्या तारा असतात; त्या जोडून चावी दिली की चाक आपोआप फिरू लागतं आणि फेज-हॉलचा क्रम कंट्रोलर स्वतः शिकून घेतो. चाक उलटं फिरलं तर तारा एकदा सोडून पुन्हा जोडायच्या. ही सोय नसेल तर हॉलच्या तारा तशाच ठेवून फेजच्या तीन तारांच्या सहा जुळण्या करून पाहाव्या लागतात. चुकीच्या जुळणीत मोटर हिसके देते, कण्हते आणि करंट भसाभस खाते. तेव्हा मूठ अलगद पिळायची, दोन सेकंदांच्या वर नाही.

या सगळ्याआधी मोटर तपासलीच पाहिजे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. मोटरच्या तारा एक्सलच्या पोकळीतून बाहेर येतात. नट आवळताना, पंक्चर काढताना चाक उतरवलं-चढवलं की तिथं त्या चिरडतात. फेजची जाड तार हॉलच्या बारीक तारेला लागली तर बॅटरीची पूर्ण ताकद ५ व्होल्टच्या नाजूक भागात शिरते. जुना कंट्रोलर त्यानंच मेलेला असतो आणि नवाही त्यानंच मरतो. मग ‘चायना माल’ म्हणून शिव्या बसतात त्या कंट्रोलरला.

कंट्रोलर मरण्याची कारणं या भागात तशीही कमी नाहीत. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, डब्याला वारा लागत नाही, आणि मागच्या सीटवर माणूस, पुढं फूटबोर्डवर तुरीचं पोतं. २५० वॅटच्या गाडीला हे ओझं चढावर ओढायला लावलं की मोटर हळू फिरते आणि करंट वाढतो; मॉस्फेट भाजून निघतात ते तेव्हा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खाचांमध्ये बसून वाळतो, उष्णता बाहेर जाणं बंद. सर्वात मोठा खुनी म्हणजे वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा फवारा. जेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची, लाइट कमीजास्त झाल्यामुळं कंट्रोलर गेला, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. भिंतीतल्या विजेची आणि कंट्रोलरची गाठच पडत नाही, मध्ये चार्जर आणि बॅटरी आहेत. जाईल तर आधी चार्जर जाईल.

तर गरीब गाडीची कथा अशी: निदान नीट झालं, तर दोन-तीन हजारांत, गावातल्याच माणसाच्या हातून, दिवसाभरात गाडी रस्त्यावर. आता लाख-दीड लाखांची गाडी घ्या. तिचा कंट्रोलर एकटा नसतो. बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस, डिस्प्ले, चार्जर आणि तो, हे सगळे एकमेकांना ओळखतात, सतत संदेश पाठवतात. नवा कंट्रोलर बसवला की कंपनीचा लॅपटॉप लावून सॉफ्टवेअर भरावं लागतं, मोटरच्या स्थितीचं मोजमाप करून द्यावं लागतं, काही गाड्यांत तर तो भाग त्या चासी नंबरशी बांधावा लागतो. नाहीतर डिस्प्लेवर एररचा आकडा आणि गाडी मुकी. तार जोडता येणारा मिस्त्री इथं थांबतो. गाडी टेम्पोत घालून कलबुर्गीला किंवा सोलापूरला न्यायची, तिथं ‘पार्ट मागवलाय’ ऐकायचं, परत यायचं. टेम्पोचं भाडं गरीब गाडीच्या नव्या कंट्रोलरएवढं होतं.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही, हेही सांगायला हवं. २०२२ च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्या, त्यात पुण्यातल्या एका स्कूटरचा व्हिडिओ देशभर फिरला. त्यानंतर बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे कडक निकष आले. कुणीही उपटसुंभानं करंटची मर्यादा वाढवली आणि पॅक तापला, तर नाव कंपनीचंच खराब होणार. पण सुरक्षिततेसाठी कुलूप घालणं वेगळं आणि किल्ली फक्त स्वतःच्या खिशात ठेवणं वेगळं. चारचाकीवाल्यांनीही हाच युक्तिवाद केला होता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात न दिल्याबद्दल. प्रकरण पुढं अपिलांत गेलं. तरी तत्त्व तेव्हाच मांडलं गेलं होतं. दहा वर्षांनी विजेच्या दुचाकीनं आपल्याला पुन्हा त्याच दारात आणून उभं केलं आहे.

कंपनीच उरली नाही तर काय, हा त्याहून अवघड प्रश्न. केंद्राच्या फेम-२ योजनेत १ एप्रिल २०१९ पासून विजेच्या गाड्यांना अनुदान मिळू लागलं. देशी बनावटीचे भाग वापरण्याची अट होती. ती न पाळता आयात भाग बसवले, असा ठपका ठेवून सरकारनं २०२३ मध्ये सात कंपन्यांकडं अनुदान परत मागितलं, रक्कम सुमारे ४६९ कोटी. १ जून २०२३ पासून अनुदानही छाटलं गेलं. एके काळी या धंद्यात पुढं असलेल्या हिरो इलेक्ट्रिकविरुद्ध डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. गावोगावच्या डीलरांनी पाट्या उतरवल्या की गिऱ्हाईक उघड्यावर पडतं. इथं एक गंमत आहे, कडवट आहे पण आहे: ज्या गाड्यांचे भाग सर्वसाधारण चिनी मापाचे होते, म्हणजे जो सरकारच्या लेखी दोष होता, त्या गाड्या कंपनी नसतानाही दुरुस्त होतात. धोरण म्हणून देशी भागांचा आग्रह मला पटतो. पण देशी भाग बनवताना तो दुसऱ्या कुणाला बसवता आला पाहिजे, ही अट कुणी घातली नाही.

कंपनी बुडण्याची ही वेळ परदेशातही आली. जुलै २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमची व्हॅनमूफ ही इलेक्ट्रिक सायकलींची नावाजलेली कंपनी बुडाली. तिच्या सायकली मोबाइलमधल्या ॲपनं उघडायच्या, आणि ॲप कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून. सर्व्हर बंद पडण्याच्या भीतीनं लोकांची धावपळ उडाली. तेव्हा काउबॉय नावाच्या बेल्जियन प्रतिस्पर्ध्यानंच त्यांना आपापल्या सायकलीची डिजिटल किल्ली उतरवून घ्यायला ॲप बनवून दिलं. पुढच्या महिन्यात व्हॅनमूफला नवा मालक मिळाला. युरोपीय संघानं २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा जो निर्देश काढला, त्यात अशा हलक्या वाहनांच्या बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू घेतल्या आहेत.

आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांबरोबर वाहनंही यादीत धरली. डिसेंबरात पोर्टल निघालं. मे २०२५ मध्ये ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांका’चा अहवाल आला, तो मात्र मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता. विजेची दुचाकी ही दोन्हींच्या मध्ये पडते: कायद्यासाठी वाहन, मिस्त्रीसाठी उपकरण. माझं मत विचाराल तर तिला उपकरणांच्या यादीत आधी घालावं. एररच्या आकड्यांचे अर्थ, जोडांचा नकाशा आणि कंट्रोलर गाडीशी बांधण्याचं साधन, एवढं जरी सक्तीनं मिळालं तरी अर्धं भांडण मिटेल.

मोटार वाहन कायद्याचं भय दाखवून मिस्त्रीला गप्प करण्याची सवय काही विक्रेत्यांना आहे. कायदा काय म्हणतो? कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मेलेल्या कंट्रोलरच्या जागी त्याच व्होल्टेजचा, त्याच ताकदीचा, त्याच वेगमर्यादेचा कंट्रोलर बसवणं हा माझ्या मते तपशिलातला बदल नव्हे, ती दुरुस्ती आहे. बदल होतो तो वेगमर्यादेची तार काढली की. मंदगती गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये अशी एक तार असते, ती सुटी केली की २५ ची गाडी चाळीसला पळते. हे फुकटात होतं, म्हणून सर्रास होतं. मग गाडी सवलतीतून बाहेर पडते; नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्स नाही, हेल्मेटही बहुधा नाही. उद्या कुणाला धडक बसली तर भरपाई मालकाच्या शेतावर येते. मिस्त्रीनं ‘स्पीड वाढवून देऊ का?’ विचारलं तर नको म्हणावं.

शिक्षणाच्या बाजूनं चित्र बरं आहे. कर्नाटकनं २०१७ मध्येच विजेच्या वाहनांचं धोरण आणलं, देशात पहिलं. पुढं टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर दीडशे सरकारी आयटीआय नव्यानं सजवल्या, त्यात विजेच्या गाड्यांचे अभ्यासक्रमही आले. पोरगा शिकून गावी येतो, आणि बाजारातले निम्मे कंट्रोलर त्याच्यासाठी बंद पेट्या असतात. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ओलानं लाखभर मेकॅनिकांना प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही देऊ असं जाहीर केलं. मधल्या काळात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली होती. त्याआधीच्या वर्षभरात ओलाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी गेल्या होत्या. त्यातल्या ९९ टक्क्यांहून जास्त सोडवल्या असं कंपनीचं म्हणणं. घोषणा गावापर्यंत उतरते का, हे आळंदच्या एखाद्या गॅरेजात त्या गाडीचा कंट्रोलर पैसे मोजून मिळतो की नाही यावरून कळेल. आणि जाता जाता: नव्या विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, तिच्या कंट्रोलरवर १८.

वॉरंटीतली गाडी असेल तर स्वतः पेटी खोलू नये, सील तुटलं की कंपनी हात वर करते. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नये. दाद लागली नाही तर १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे निंबर्ग्याच्या माणसानं बंगळूरूला जाण्याची गरज नाही, कलबुर्गीच्या जिल्हा आयोगात काम होतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. उमरग्याचा माणूस कलबुर्गीतून गाडी घेऊन गेला असेल तर त्याला धाराशिवमध्ये दावा लावता येतो. सीमाभागातल्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण गाडी एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, हे इथं रोजचं आहे.

वॉरंटी संपलेल्या साध्या गाडीचा कंट्रोलर बदलला, तर जुना मिस्त्रीकडं सोडून येऊ नये. पुष्कळदा त्यात सहांपैकी एक-दोनच मॉस्फेट गेलेले असतात, आणि एक मॉस्फेट किरकोळ पैशांत मिळतो. सोल्डरिंगचा हात बसलेला टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा माणूस ते बदलू शकतो. बदलताना त्या फेजची जोडी पूर्ण बदलावी, मॉस्फेटखालची अभ्रकाची किंवा रबराची पट्टी फाटली असेल तर नवी घालावी, स्क्रू घट्ट आवळावेत आणि झाकणाच्या कडेला सिलिकॉन लावावं. नव्या कंट्रोलरला वॉरंटी क्वचितच मिळते, मिळाली तरी तोंडी. अशा वेळी दुरुस्त केलेला जुना घरात असला, तर पुढच्या खेपेला पार्ट येईपर्यंत आठ दिवस गाडी उभी राहत नाही.